निवडणुकीपूर्वी धर्मग्रामात सामाजिक शिकवणीचा अभ्यासगट कसा चालवावा

निवडणूक जाहीर झाली की धर्मग्रामातील, म्हणजे पॅरिशमधील, वातावरण बदलते. रविवारची मिस्सा संपल्यावर फाटकाबाहेर उमेदवारांचे कार्यकर्ते भेटू लागतात, कोणी दफनभूमीच्या कुंपणाचे आश्वासन देतो, कोणी मैदानासाठी निधी आणण्याचे, आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, की या वेळी ‘आपल्या माणसांनी’ कोणाला मत द्यायचे. काही जण हा प्रश्न घेऊन थेट धर्मगुरूंकडे जातात. राजकारण आणि सार्वजनिक जीवन यांविषयी कॅथोलिक ख्रिस्तसभेजवळ (चर्चजवळ) मोठी शिकवण आहे आणि पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या कामगारविषयक परिपत्रकापासून ती सातत्याने मांडली गेली आहे. परंतु ती कितीही चाळली तरी तिच्यात कोणत्याही उमेदवाराचे किंवा पक्षाचे नाव सापडणार नाही. तिच्यात आहेत ते निकष, आणि ते निकष आपल्या गावाच्या प्रश्नांना लावण्याचे काम तिने प्रापंचिकांवर, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य श्रद्धावंतांवर, सोपवले आहे. हे काम निवडणुकीच्या आदल्या रात्री उरकता येत नाही. त्यासाठी आठ-दहा जणांचा गट आणि सहा ते आठ आठवड्यांचा अवधी पुरतो. तो गट कसा चालवावा, हे पुढे सांगितले आहे. उदाहरणे वसईची घेतली आहेत, कारण तेथील ख्रिस्ती समाज मराठीतच बोलतो, प्रार्थना करतो आणि राजकारणही करतो.

प्रथम मर्यादा समजून घ्याव्यात

गट सुरू करण्यापूर्वी दोन प्रकारच्या मर्यादा सर्वांना स्पष्ट असाव्यात, एक ख्रिस्तसभेच्या आणि दुसऱ्या देशाच्या कायद्याच्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये संमत केलेल्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजाच्या ७६ व्या परिच्छेदात म्हटले आहे की, ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय समाजाशी एकरूप होत नाही आणि कोणत्याही राजकीय व्यवस्थेला बांधलेली नाही. याच दस्तऐवजाचा ४३ वा परिच्छेद प्रापंचिकांना बजावतो की, आपल्या मताच्या बाजूने ख्रिस्तसभेचा अधिकार एकट्याने वापरण्याचा हक्क कोणालाही नाही. धर्मगुरूंच्या बाबतीत तर चर्चच्या कायदासंहितेतच बंधन आहे: २८५ व्या कलमानुसार शासकीय सत्ता चालवावी लागेल अशी सार्वजनिक पदे त्यांनी स्वीकारायची नाहीत, आणि २८७ व्या कलमानुसार राजकीय पक्षांत सक्रिय भाग घ्यायचा नाही, या दुसऱ्या बंधनाला अपवाद आहे, पण तो ठरवण्याचा अधिकार वरिष्ठांकडे आहे. म्हणून ‘फादर, कोणाला मत देऊ?’ हा प्रश्न धर्मगुरूंना अडचणीत टाकणारा तर आहेच, शिवाय आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर ढकलणाराही आहे.

कायद्याच्या बाजूने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे १२३ वे कलम गटातील प्रत्येकाने एकदा वाचावे. धर्माच्या आधारावर मत मागणे हा त्यानुसार भ्रष्ट आचार ठरतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने जानेवारी २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय दिला की, यात उमेदवाराबरोबर मतदाराचाही धर्म येतो. त्याच कलमातील एक तरतूद फारशी कोणाच्या लक्षात नसते: मतदार अमुक प्रकारे वागला तर त्याच्यावर दैवी कोप होईल किंवा त्याला धार्मिक दंड होईल असे त्याला भासवणे, हासुद्धा मतदारावर गैरवाजवी प्रभाव टाकण्याचा प्रकार मानला आहे. आदर्श आचारसंहितेनुसार मंदिर, मशीद, चर्च यांसारखी उपासनास्थळे प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापरता येत नाहीत. गटाने यातून एक साधा नियम करावा: आपण शिकवणीचा आणि प्रश्नांचा अभ्यास करतो, उमेदवाराची शिफारस गट म्हणून कधीच करत नाही, तोंडी नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच.

गटात कोण असावे

आठ ते दहा माणसे पुरेत. त्याहून अधिक झाली की दोघेतिघे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. निवड करताना मात्र नेहमीच्या समित्यांवरील तीच माणसे पुन्हा घेऊ नयेत. बागायतदार असावा, लोकलने रोज चर्चगेटला जाणारी नोकरदार स्त्री असावी, पहिल्यांदाच मतदान करणारा तरुण किंवा तरुणी असावी, आणि भाड्याच्या खोलीत राहणारे, केरळहून, तामिळनाडूतून किंवा छोटानागपूरहून आलेले एखादे कॅथोलिक कुटुंबही असावे, कारण धर्मग्रामाचे सभासद तेही आहेत आणि स्थानिकांच्या चर्चेत ते बहुधा नसतात. शक्य असेल तर एखाद्या बैठकीला आदिवासी पाड्यावरील कोणाला सन्मानाने बोलवावे. ती व्यक्ती ख्रिस्ती नसली तरी काही बिघडत नाही. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये ‘पाचेम इन तेरिस’ हे परिपत्रक लिहिले, तेव्हापासून या शिकवणीचे आवाहन सद्हेतूच्या सर्व माणसांना आहे.

पक्षाचा कार्यकर्ता गटात असावा का, हा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते असावा, मात्र त्याने पहिल्याच बैठकीत आपली बांधिलकी उघडपणे सांगावी आणि गटाचे निमंत्रकपद घेऊ नये. राजकारणात पडलेल्या माणसाकडे संशयाने पाहण्याची आपल्याकडे सवय आहे. ख्रिस्तसभेची ती भूमिका नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘क्रिस्तिफिदेलेस लाइची’ या १९८८ च्या पत्रात ४२ व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की, राजकारणी माणसांवर सत्तालोभाचे आणि भ्रष्टाचाराचे कितीही आरोप होत असले तरी त्यामुळे ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक जीवनाकडे पाठ फिरवण्याचे समर्थन होत नाही. धर्मगुरूंनी गटात यावे ते मजकूर समजावून द्यायला. अध्यक्षस्थान प्रापंचिकाकडेच असावे.

काय वाचावे आणि कसे वाचावे

पोपमहोदयांची परिपत्रके संख्येने बरीच आणि लांबीनेही मोठी आहेत. ती सर्व वाचण्याचा संकल्प केला की तिसऱ्या आठवड्यात गट विसर्जित होतो. म्हणून मोजकेच वाचावे. पहिल्या बैठकीसाठी ‘गौदियुम एत स्पेस’चे ७३ ते ७६ हे परिच्छेद, दुसरीसाठी पोप सहावे पॉल यांच्या १९७१ च्या ‘ऑक्तोजेसिमा अद्वेनियेन्स’ या पत्रातील ४ था आणि ५० वा परिच्छेद, आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या ‘देउस कारितास एस्त’मधील २८ वा, तिसरीसाठी पोप फ्रान्सिस यांच्या २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’चे पाचवे प्रकरण, जे संपूर्णपणे चांगल्या राजकारणाविषयी आहे. कोणाला संदर्भ शोधायचा असेल तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला सामाजिक शिकवणीचा संकलित ग्रंथ हाताशी ठेवावा. तो सलग वाचण्यासाठी नाही. हे सर्व मजकूर व्हॅटिकनच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, पण इंग्रजीत. गटातील ज्यांना इंग्रजी जमते त्यांनी तो परिच्छेद आदल्या आठवड्यात मराठीत लिहून काढावा आणि बैठकीत मोठ्याने वाचावा. हे श्रमाचे काम आहे, पण स्वतः मराठीत उतरवलेला परिच्छेद माणूस विसरत नाही, आणि जे नीट कळलेले नाही ते लिहिताना लगेच उघडे पडते.

वाचताना ‘ऑक्तोजेसिमा अद्वेनियेन्स’च्या चौथ्या परिच्छेदावर थोडे थांबावे. तिथे पोप स्वतः म्हणतात की, जगभरच्या इतक्या भिन्न परिस्थितींना लागू पडेल असे एकच उत्तर देणे त्यांना अवघड आहे आणि तशी त्यांची महत्त्वाकांक्षाही नाही. आपल्या देशातील परिस्थितीचे वस्तुनिष्ठ विश्लेषण करणे हे तेथील ख्रिस्ती समूहांचे काम आहे. आपल्या अभ्यासगटाचा खरा अधिकार या वाक्यात आहे. पन्नासावा परिच्छेद त्याला जोडून वाचला तर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते: एकाच श्रद्धेतून प्रामाणिक माणसे वेगवेगळ्या राजकीय निर्णयांपर्यंत पोहोचू शकतात. शेवटच्या बैठकीत गटातील दोघांचे मत दोन वेगळ्या पेट्यांत जाणार असेल, तर तो गटाचा पराभव समजू नये.

चार शब्द आणि त्यांचा खरा अर्थ

वाचन करताना चार शब्द पुन्हा पुन्हा येतील: मानवी प्रतिष्ठा, सार्वजनिक हित, एकात्मता आणि साहाय्यकता. पहिला सर्वांचा पाया आहे: माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे, म्हणून त्याची किंमत त्याच्या उपयोगावरून, जातीवरून किंवा मतदारयादीतील संख्येवरून ठरत नाही.

सर्वांत अधिक गोंधळ सार्वजनिक हिताविषयी होतो. बहुमताला जे हवे ते सार्वजनिक हित, असे आपण सहज धरून चालतो, किंवा आपल्या समाजाचे हित म्हणजेच सार्वजनिक हित. ‘गौदियुम एत स्पेस’च्या २६ व्या परिच्छेदात दिलेली व्याख्या याहून कठीण आहे. व्यक्तींना आणि समूहांना आपले पूर्णत्व अधिक सहजपणे गाठता येईल अशी सामाजिक जीवनातील सर्व परिस्थिती, असा तिचा आशय आहे, आणि प्रत्येक समूहाने इतर समूहांच्या गरजा व न्याय्य आकांक्षा विचारात घ्याव्यात असे तिथेच पुढे म्हटले आहे. याचा अर्थ असा की एकाही गटाला वगळून सार्वजनिक हित साधता येत नाही, मग तो गट कितीही लहान असो. दफनभूमीचे कुंपण ही खरी गरज असू शकते. ती मागण्यात गैर काही नाही. परंतु कुंपण मिळाले म्हणून पाच वर्षांचे मत देऊन टाकले, आणि त्याच प्रभागातील चाळीत शौचालय नाही हे पाहिलेच नाही, तर आपण या व्याख्येच्या बाहेर गेलो.

एकात्मता म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाने वाटणारी वरवरची हळहळ नाही, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘सोलिचितुदो रेई सोचियालिस’ या १९८७ च्या परिपत्रकात लिहिले. ती सार्वजनिक हितासाठी वाहून घेण्याचा खंबीर आणि चिकाटीचा निर्धार आहे. साहाय्यकतेचे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’मध्ये मांडले: लहान संस्था जे स्वतः करू शकते ते मोठ्या संस्थेने तिच्याकडून काढून घेऊ नये, मोठीने मदत करावी, गिळंकृत करू नये. वसईकरांना हे तत्त्व शिकवावे लागत नाही. २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा गावे वगळावीत म्हणून जे आंदोलन उभे राहिले त्याच्या मुळाशी हाच विचार होता, की ग्रामसभेचा निर्णय ग्रामसभेकडेच राहावा. तरीही गटाने या तत्त्वाची दुसरी बाजूही बोलावी. जे काम गावाला झेपत नाही, उदाहरणार्थ सांडपाण्याचे शुद्धीकरण किंवा नैसर्गिक नाल्यांची अखंड व्यवस्था, तिथे मोठ्या संस्थेची मदत नाकारणे म्हणजे या तत्त्वाचे पालन नव्हे. आणि गावाचा अधिकार म्हणजे गावातील दोन-चार घराण्यांचा अधिकार, असे झाले असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे बोलावे.

एक प्रश्न घेऊन पाहावे, पारखावे, कृती करावी

तत्त्वे कळल्यावर गटाने एकच स्थानिक प्रश्न निवडावा आणि तो तळापर्यंत न्यावा. यासाठीची पद्धत बेल्जियमचे धर्मगुरू, पुढे कार्डिनल झालेले, जोसेफ कार्डेन यांनी कामगार तरुणांमध्ये रुजवली आणि १९६१ मध्ये ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकाने ती स्वीकारली: पाहा, पारखा, कृती करा. सांगायला सोपी वाटणारी ही पद्धत बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच फसते, कारण आपल्याला परिस्थिती आधीच ठाऊक आहे असे आपण गृहीत धरतो.

पाण्याचे उदाहरण घेऊ. वसई-विरारमध्ये पाण्याची टंचाई हा प्रत्येक निवडणुकीतील मुद्दा आहे आणि सूर्या धरणाचे पाणी आणणे हे त्यावरचे प्रत्येक पक्षाचे आश्वासन. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (एमएमआरडीए) सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची क्षमता दररोज ४०३ दशलक्ष लिटर असून त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरसाठी ठरलेले आहे. आपल्या बाजूने पाहिले तर प्रश्न एवढाच राहतो, की आपल्या वाट्याचे पाणी पूर्ण आणि वेळेवर कोण आणील. पण ‘पाहा’ या पायरीवर गटाने धरणापर्यंत गेले पाहिजे. धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा हा प्रकल्प मुळात डहाणू-पालघर भागातील शेतीच्या सिंचनासाठी उभारला गेला. त्या भागातील बहुसंख्य शेतकरी आदिवासी आहेत, आणि सिंचनाचे पाणी शहरांकडे वळवण्याविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे आंदोलने केली आहेत. हे कळल्यावर प्रश्नाचा आकारच बदलतो. नळाला पाणी हवे असलेली आपल्या वाडीतील बाई आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला दुसऱ्या पिकाची वाट पाहणारा शेतकरी, दोघेही एकाच जिल्ह्याचे मतदार आहेत.

माहिती गोळा करताना ऐकीव गोष्टींवर थांबू नये. महापालिकेला रोज किती पाणी मिळते, त्यातील किती गळतीत जाते, किती बांधकाम प्रकल्पांना परवानगी देताना पाण्याची तरतूद तपासली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांच्या आत ठेवावा. म्हणून पाणी आणि रस्ते एकाच अर्जात कोंबू नयेत. पोच घ्यावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने हा अर्ज पहिल्याच बैठकीनंतर गेला पाहिजे, नाहीतर उत्तर मतदानानंतर हातात पडते. त्याच वेळी गटातील दोघांनी आपल्या गावातील बावखले, म्हणजे वाड्यांमधील जुनी गोड्या पाण्याची तळी, पाहून यावीत: किती शिल्लक आहेत, कोणती भरली गेली, भरलेल्या जागेवर आज काय उभे आहे, विहिरींचे पाणी कोणत्या महिन्यात खारे होते. जुनी माणसे हे नेमके सांगतात. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली, त्या दिवसांत कोणत्या गल्लीत पाणी किती वेळ थांबले हेही त्यांच्याकडून लिहून घ्यावे. पावसाळ्यात बुडायचे आणि उन्हाळ्यात टँकर मागवायचा, या दोन तक्रारींचे मूळ पुष्कळदा एकाच भरावात सापडते.

‘पारखा’ या पायरीवर गोळा झालेली माहिती तत्त्वांसमोर ठेवावी. सृष्टीतील साधने देवाने सर्वांसाठी दिली आहेत, म्हणून मालकी हक्कावरही सार्वजनिक जबाबदारी आहे, ही या शिकवणीतील जुनी भूमिका. मग स्वतःच्या बागेतील विहिरीचे पाणी टँकरला विकणाऱ्याविषयी ती काय सांगते? गरिबांना प्राधान्य म्हणजे सूर्याच्या पाण्याच्या बाबतीत नेमके काय? २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्रच ऐकावा असे सांगितले आहे. बावखल बुजवण्याची परवानगी देणाऱ्या ठरावाला आपल्याच समाजातील नगरसेवकाने हात वर केला असेल, तर ते आपण बोलणार आहोत का? या प्रश्नांवर गटात मतभेद होतील, आवाजही चढेल. निमंत्रकाने तेव्हा एवढेच पाहावे की प्रत्येक जण माहितीला धरून बोलतो आहे.

वसईला या वाटेचा इतिहास आहे, हे तरुणांना सांगावे. बांधकाम व्यावसायिकांच्या हातात हिरवा पट्टा जाऊ नये आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ नये, म्हणून हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, आणि त्या आंदोलनात सर्व धर्मांची माणसे होती. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या या धर्मगुरूंनी पद मागितले नाही, पक्ष काढला नाही. ख्रिस्तसभेने राजकीय लढाई स्वतःच्या हाती घेऊ नये, पण न्यायाच्या लढ्यात काठावरही उभे राहू नये, असे ‘देउस कारितास एस्त’च्या २८ व्या परिच्छेदात म्हटले आहे, त्याचा अर्थ समजावून देताना यापेक्षा जवळचे उदाहरण मला सुचत नाही.

‘कृती करा’ म्हणजे येथे तीन-चार नेमके प्रश्न तयार करणे. ‘पाण्याविषयी आपले धोरण काय?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण त्याला भाषण हेच उत्तर मिळते. ‘सूर्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांचे सिंचन आधी पूर्ण व्हावे, या मागणीला आपला पाठिंबा आहे का?’ किंवा ‘बावखले आणि नैसर्गिक नाले विकास आराखड्यात संरक्षित म्हणून नोंदवण्याचा ठराव आपण पहिल्या वर्षात मांडाल का?’ असे विचारावे. प्रश्न लेखी, सर्व उमेदवारांना सारखेच आणि एकाच दिवशी द्यावेत; उत्तरे जशीच्या तशी सर्वांना वाचायला द्यावीत, शेरे न मारता.

उमेदवाराची कागदपत्रे

लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला नमुना २६ मधील शपथपत्र भरावे लागते आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. गटाने एक संध्याकाळ त्यासाठी राखून ठेवावी. प्रलंबित फौजदारी प्रकरणांत नुसती संख्या पाहू नये, कलम पाहावे: आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांचे नैतिक वजन एक नाही. मालमत्तेच्या रकान्यात उमेदवाराबरोबर जोडीदार आणि अवलंबितांचीही नोंद असते. मागच्या निवडणुकीचे शपथपत्र शेजारी ठेवले तर पाच वर्षांत काय बदलले ते दिसते. जमीन कोणत्या गावात आहे हेही पाहावे, विशेषतः ज्या भागात जमिनींची आरक्षणे बदलण्याची चर्चा आहे त्या भागात. विद्यमान लोकप्रतिनिधी उभा असेल तर त्याने सभागृहात विचारलेले प्रश्न आणि निधीचा खर्च हे त्याच्या जाहिरनाम्यापेक्षा अधिक बोलके असतात.

सदसद्विवेकबुद्धीपाशी

सर्व बाबतींत मनासारखा उमेदवार मिळत नाही, हा अनुभव जगभरच्या कॅथोलिक मतदारांचा आहे. सगळे मुद्दे सारख्या वजनाचे नाहीत, हे येथे आधी लक्षात घ्यावे. निरपराध जिवाची जाणूनबुजून हत्या कोणत्याही परिस्थितीत चुकीचीच, असे ख्रिस्तसभा शिकवते. कराचा दर किती असावा किंवा उड्डाणपूल कोठे व्हावा यावर मात्र तिची शिकवण प्रामाणिक मतभेदाला जागा ठेवते. पण पहिल्या वर्गातील एकच मुद्दा धरून बाकी सर्वांकडे डोळेझाक करणेही तिला मान्य नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या ‘गौदेते एत एक्सुलताते’मध्ये १०१ व्या परिच्छेदात म्हटले आहे की, न जन्मलेल्या निष्पाप जिवाचे रक्षण ठामपणे केले पाहिजे आणि जन्मलेल्या गरिबांचे, निराधारांचे, शोषितांचे जीवनही तितकेच पवित्र आहे. उमेदवाराच्या एखाद्या चुकीच्या भूमिकेमुळे त्याला मत देणे आणि ती भूमिका पटत नसतानाही इतर गंभीर कारणांसाठी मत देणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. मात्र ती कारणे खरोखर गंभीर आहेत का, हे स्वतःला निष्ठुरपणे विचारावे लागते.

निर्णय शेवटी एकट्याने करायचा असतो. मतदानाच्या आदल्या दिवशी थोडा वेळ शांत बसून, जमवलेली माहिती डोळ्यांसमोर ठेवून आणि प्रार्थना करून तो करावा. ‘नोटा’चे, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे, बटण २०१३ पासून उपलब्ध आहे आणि क्वचित प्रसंगी ते प्रामाणिक उत्तर असू शकते. अभ्यास टाळण्यासाठी मात्र ते दाबू नये, असे मला वाटते.

अल्पसंख्य म्हणून बोलताना

भारतातील ख्रिस्ती समाज लहान आहे आणि प्रार्थनासभांवरील हल्ल्यांच्या बातम्या वाचताना त्याला भीती वाटते. ती भीती गटात मोकळेपणाने बोलली जावी. पण मागणी मांडताना एक शिस्त पाळावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये ‘दिग्नितातिस हुमाने’ या घोषणापत्रात धर्मस्वातंत्र्याचा हक्क प्रत्येक माणसाचा मानला, फक्त कॅथोलिकांचा नव्हे. तेव्हा उमेदवाराला ‘आमच्या चर्चना संरक्षण द्याल का?’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्याही धर्माच्या उपासनास्थळावर हल्ला झाला तर आपण काय कराल?’ असे विचारावे, आणि शेजारच्या मुस्लिम वस्तीवर अन्याय झाला तेव्हा आपण काय केले याचेही उत्तर तयार ठेवावे.

दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न याच ठिकाणी घ्यावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींचे संरक्षण धर्मांतरित दलित ख्रिस्ती व्यक्तींना मिळत नाही, आणि ते मिळावे ही ख्रिस्तसभेची जुनी मागणी आहे. ती मागणी राज्यकर्त्यांपुढे ठेवताना आपल्याच घरात पाहणे भाग आहे: भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यता आणि भेदभाव असल्याचे मान्य केले. लग्नाच्या सोयरिकीत आणि संस्थांच्या कार्यकारिणीत आपल्याकडे कोण दिसत नाही, हे गटाने नावे न घेता पण स्पष्टपणे बोलावे.

मतदानानंतरची पहिली बैठक

निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत गटाने पुन्हा भेटावे; बहुतेक गट इथेच थांबतात आणि तिथेच सगळे श्रम वाया जातात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकाच्या ४६ व्या परिच्छेदात लोकशाहीची वाखाणणी केली ती निवड करण्याच्या अधिकाराबरोबरच राज्यकर्त्यांकडून हिशेब मागण्याच्या अधिकारासाठीही. निवडून आलेला प्रतिनिधी कोणीही असो, त्याने प्रचारात दिलेली लेखी उत्तरे जोडून अभिनंदनाचे पत्र पाठवावे आणि भेटीची वेळ मागावी. ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्यांनी पुढील ग्रामसभेची तारीख विचारून आपला विषय कार्यक्रमपत्रिकेत येण्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती लागते. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली की तहकूब सभेत गणसंख्येची अट राहत नाही आणि मोजक्या माणसांत ठराव होऊन जातात, म्हणून प्रत्येक सदस्याने स्वतःबरोबर घरातली आणखी दोन मतदार माणसे नेण्याचे ठरवावे. महापालिका क्षेत्रातील गटांनी प्रभाग समितीच्या बैठकांची माहिती मागवावी. माहितीच्या अधिकारातील उत्तरे, शपथपत्रांच्या प्रती आणि उमेदवारांची लेखी उत्तरे एका फायलीत लावून ती धर्मग्रामाच्या कार्यालयात न ठेवता निमंत्रकाच्या घरी ठेवावी, म्हणजे पुढच्या निवडणुकीच्या वेळी नव्या गटाला ती पहिल्याच दिवशी हातात देता येईल.